सात नंबरच्या प्लॉटवरची येळवस

नानासाहेब पुन्हा विद्यार्थी झाले तेव्हा त्यांना सत्तेचाळिसावं वर्ष लागलं होतं. धाराशिवच्या सहकार खात्यात वीस वर्षं सोसायट्यांची दप्तरं तपासल्यावर सरकारनं त्यांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं, सहकार शिकायला. तिथल्या कॉलेजनं त्यांना फोटो चिकटवलेलं विद्यार्थ्याचं कार्ड दिलं. कार्ड दाखवलं की रेल्वेत सवलत मिळत असे. तिकीट तपासनीस आधी कार्डाकडं बघायचा, मग नानासाहेबांच्या टकलाकडं, मग पुन्हा कार्डाकडं. नानासाहेबांनीही आयुष्यभर लोकांच्या कागदांकडं असंच बघितलं होतं, त्यामुळं त्यांना त्या माणसाचा राग येत नसे. फक्त अपमान वाटत असे.

१९८१ च्या डिसेंबरात त्या देशात असा बर्फ पडला की तिथलीच माणसं एकमेकांना रस्त्यात थांबवून त्याबद्दल बोलायला लागली. नाताळात चार दिवस कॉलेजचा स्वयंपाक बंद राहणार होता. तशी सूचना लागली. ज्यांना या देशात नातेवाईक आहेत त्यांनी त्यांच्याकडं जावं आणि फॉर्म भरावा. ज्यांना नाहीत त्यांनी तसं लेखी कळवावं. नानासाहेबांचा मेहुणा श्रीपती लेस्टर नावाच्या शहरात मोजे विणायच्या कारखान्यात होता. पण मथुराबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बायको गेल्यावर तिचा भाऊ नातेवाईक म्हणून फॉर्मात लिहिता येतो का, यावर नानासाहेबांनी थोडा वेळ विचार केला. मग लिहिला.

गुरुवारी संध्याकाळी श्रीपती स्टेशनवर न्यायला आला होता. दोन स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला मफलर.

"दाजी, लई वाळलाव की तुमी," तो म्हणाला.

"कॉलेजात उकडलेलं देतात," नानासाहेब म्हणाले. "सगळंच उकडलेलं. परवा मला वाटलं चहा पण उकडून देतील, तर तो मात्र कोमट."

घरी श्रीपतीच्या बायकोनं, मालनबाईनं, ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं होतं. लेस्टरला गुजराती दुकानं खूप, त्यामुळं ज्वारीचं पीठ मिळतं. नानासाहेबांनी चार भाकरी खाल्ल्या आणि पाचवीला नको म्हणाले ते फक्त पाहुण्यानं म्हणायचं असतं म्हणून. मालनबाईला ते ठाऊक होतं. तिनं पाचवी वाढली.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. असंच राहिलं असतं तर नानासाहेब चार दिवस खाऊन-पिऊन, गादीवर लोळून, सोमवारी परत गेले असते आणि ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण शुक्रवारी दुपारी, सगळा देश कोंबडा खाऊन डुलकी काढत असताना, नानासाहेबांनी पिशवीतून दिनदर्शिकेचं पान काढलं. धाराशिवहून निघताना त्यांनी सहा महिन्यांची पानं फाडून बरोबर घेतली होती. तारखेवर बोट ठेवून ते सहज म्हणाले, "उद्या येळवस."

मालनबाईचा हात परातीतच थांबला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. धाराशिव-लातूरच्या बाहेरच्या माणसाला ती समजावून सांगणं अवघड आहे. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची. मग ताकातली आंबिल, मिसळीच्या भाजीची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, असं दिवसभर खायचं. मडक्यातली आंबिल आरोळी देत शेताभोवती शिंपडत फिरायचं. आणि मुख्य म्हणजे, आपल्या शेतात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, आणि त्यात कमीपणा नसतो. श्रीपतीचं गाव जळकोट हमरस्त्यावर असल्यामुळं तिथले लोक एसटी थांबवून ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला उतरवतात. मग उशीर झालाच आहे म्हणून प्रवासीही उतरतात.

"तेरा वर्षं झाली," मालनबाई म्हणाली. "तेरा वर्षांत म्या येळवस केली न्हाय."

"वाटीभर आंबिल करा आणि भज्जी करा," नानासाहेब म्हणाले. "इथं टेबलावर खाऊ. झाली येळवस."

"घरात?"

"बाहेर बर्फ आहे."

"घरात येळवस करायची तर दिवाळी पण शेजारणीच्या घरी करू की, दाजी," मालनबाई म्हणाली. "शेत हाय आपल्याला."

हे ऐकून श्रीपती खुर्चीतून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

शेत म्हणजे नगरपालिकेचा प्लॉट. तिकडं शहराच्या कडेला मोकळ्या जागेचे तुकडे करून लोकांना भाजी लावायला देतात. प्रत्येकी अडीच गुंठे. अर्ज करून नंबर लागायची वाट बघावी लागते. श्रीपतीनं सहा वर्षं बघितली. जळकोटची त्याच्या वाटणीची जमीन बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावात गेली होती, त्यामुळं आता जगात त्याच्या नावावर म्हणायचं तर हे अडीच गुंठेच. मेथी, कोथिंबीर, लसूण, थोडे वाटाणे. रविवारी तो सकाळी जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. एवढा वेळ अडीच गुंठ्यात काय करतोस, असं मालनबाई कधीच विचारत नसे.

"त्यात एक अडचण हाय," श्रीपती खिडकीकडं बघतच म्हणाला. "मला एक नोटीस आलीया. मेथी वाटंवर हातभर सरकली म्हणून. दुसरी नोटीस आली की प्लॉट काढून घेतेत. लई कडक सेक्रेटरी हाय. ब्रॅमली म्हणून म्हातारा हाय. पट्टी घेऊन मोजत फिरतो."

नोटीस हा शब्द ऐकला आणि नानासाहेब ताठ बसले. त्यांनी वीस वर्षांत किती नोटिसा काढल्या असतील त्याची गणती नव्हती. भूमच्या बाजारात लोक त्यांना ओळखत ते नोटिशीच्या सहीवरून.

"नियम आहेत का लेखी?"

श्रीपतीनं कपाटातून एक पुस्तिका आणून दिली. नानासाहेबांनी चष्मा लावला. प्लॉटवाल्यांची रीतसर संस्था होती, तिला अध्यक्ष, सेक्रेटरी, सभासद, सर्वसाधारण सभा, सगळं होतं. म्हणजे सोसायटीच की ही. परक्या देशात भेटलेल्या भावकीच्या माणसासारखी त्यांनी ती पुस्तिका वाचली.

"नियम नऊ," ते थोड्या वेळानं म्हणाले. "काढता येण्याजोगा आडोसा एका दिवसापुरता चालतो. उंची सहा फुटांच्या आत. जाळ करायला मनाई आहे, तर आपण जाळ करणार नाही, स्वयंपाक घरून नेऊ. मी लेखी देतो पाहिजे तर. कोप कायदेशीर आहे."

"दाजी, तुमी म्हणताव म्हणून," श्रीपती म्हणाला. तोंडावरून तो अजिबात म्हणत नव्हता.

"खात्यात माझ्या वाचनाला आजवर कुणी चुकीचं म्हटलं नाही," नानासाहेब म्हणाले. हे खरं होतं. तक्रारी बऱ्याच झाल्या होत्या, पण वाचनाबद्दल नव्हत्या.

संध्याकाळपर्यंत वाटीभर आंबिलाची घागरभर झाली. कारण शेजारचे खाजामियाँ आले. ते मूळचे भूमचे, लेस्टरला सिटी बस चालवायचे. नाताळाला बस बंद असल्यामुळं दोन दिवस त्यांना कुठं वळावं ते समजत नव्हतं. येळवस म्हटल्यावर त्यांनी एकदम सल्ले द्यायला सुरुवात केली.

"आमच्या शेतात अब्बा सगळ्या गावाला बोलवायचे," ते म्हणाले. "आंबिल स्टीलच्या भांड्यात न्यायची न्हाय, सांगून ठेवतो. मडकं पायजे. ते आमच्या घरवालीकडं, कुलसुमबीकडं हाय. विमानात मांडीवर घेऊन आलेली भूमचं मडकं. अकरा वर्षांत पाणी पण ठेवू दिलं न्हाय त्यात, फुटंल म्हणून."

"मग आंबिल ठेवू देतील का?"

"येळवसला देईल. पण ती मडक्याबरोबर येईल. मडकं एकटं येणार न्हाय."

भज्जीवरून वेगळा वाद झाला. त्यात तुरीचे दाणे, वाटाणे, पावटे, मेथी, कांद्याची पात, गाजर, सगळं पडतं हे सर्वांना मान्य होतं. खाजामियाँनी एका गुजराती दुकानदाराला घरून उठवून मागच्या दारानं हे सगळं मिळवलंही. प्रश्न बेसन आधी की ताक आधी, असा होता. मालनबाईनं नानासाहेबांना विचारलं, "वन्सं काय आधी घालायच्या?"

नानासाहेबांनी आठवून बघितलं. वीस वर्षं त्यांनी ती भज्जी खाल्ली होती. कोपीबाहेर घोंगडीवर बसून, मांडीवर वही घेऊन, कारण येळवसलाही ते काहीतरी तपासत असत. मथुराबाई आत काय करत होत्या हे त्यांनी एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

मालनबाईनं दोन्ही एकदमच घातलं.

खरी चूक पुढं झाली आणि ती पूर्णपणे नानासाहेबांची होती. पानावर लिहिलं होतं, अमावस्या शनिवारी दुपारी तीन चाळीसला संपते. आपली तीन चाळीस म्हणजे त्यांची किती, हा हिशेब नानासाहेबांनी कागदावर मांडला. साडेपाच तासांचा फरक. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं.

"दहा-दहाच्या आत पूजा झाली पाहिजे," त्यांनी जाहीर केलं.

"गावात घड्याळ लावून कोण येळवस करतंय, दाजी?" मालनबाई म्हणाली.

"गावात घड्याळ लावायची गरज नसते. तिथं अमावस्या स्वतःहून वेळेवर येते."

शेवटी असं ठरलं की मालनबाई पहाटे उठून स्वयंपाक करणार. श्रीपती आणि खाजामियाँ गाडीवरचा बर्फ काढून, कुलसुमबीला मडक्यासह घेऊन, सगळं सामान घेऊन येणार. आणि नानासाहेब आधी चालत जाऊन कोप उभी करणार. सहा फुटांच्या आत.

"फाटकातून आत गेलाव की डाव्या हाताला नववा प्लॉट," श्रीपतीनं चार वेळा सांगितलं. "नववा. वालाच्या काठ्या आडोशाला ठेवल्यात, त्या घ्या."

सकाळी आठला तिथं उजाडलेलं नसतं. करड्या उजेडात नानासाहेब फावडं घेऊन फाटकात पोचले तेव्हा समोर सगळं पांढरं होतं. प्लॉट नव्हते, वाटा नव्हत्या, बांध नव्हते. जळकोटच्या शिवारात नानासाहेबांना डोळे बांधून सोडलं असतं तरी पायाला बांध लागला की कुणाचा तो सांगता आला असता. इथं पायाला फक्त बर्फ लागत होता, तोही बुटाच्या आत. पण वीस वर्षं क्षेत्र तपासलेल्या माणसाला नऊपर्यंत मोजता येऊ नये, असं कसं होईल. त्यांनी फावडं टोचत टोचत मोजायला सुरुवात केली. जिथं फावडं खटकन वाजलं तिथं वाट. जिथं खसकन गेलं तिथं माती. दोन ठिकाणी खताचे ढीग होते. बर्फाखाली ते उंच बांधासारखे दिसत होते. नानासाहेबांनी ते प्रत्येकी एक प्लॉट धरले. अशा रीतीनं ते सातव्या प्लॉटमध्ये जाऊन म्हणाले, नऊ.

तिथं सगळं त्यांना पाहिजे तसंच होतं. पोत्याखाली झाकून ठेवलेल्या सरळसोट काठ्या. मक्याच्या वाळलेल्या ताटांची नीट बांधलेली पेंढी, अगदी कडब्यासारखी. आणि एका कडेला ओळीनं मांडलेले चुना लावलेले दगड. नानासाहेबांना भरून आलं. वरवर नको-नको म्हणणाऱ्या मेहुण्यानं पांडवसुद्धा आधीच रंगवून ठेवले होते.

ते कामाला लागले. मधल्या वाफ्यावरचा बर्फ बाजूला केला. खाली माती भुसभुशीत, काळी, खत घातलेली. ती पायानं दाबून टणक केली. काठ्या रोवल्या, वर बांधल्या, भोवती ताटं लावली. उंची वितीनं मोजली. मधे थोडी जाड पातीची कांद्यासारखी झाडं आली ती उपटून कडेला ठेवली, श्रीपती नेईल घरी. आत ओळीनं पाच दगड मांडले. साडेनऊला ते चार पावलं मागं सरकून उभे राहिले. हातांत संवेदना नव्हती आणि बुटात पाणी होतं, पण बर्फात उभी असलेली ती कोप बघून त्यांना बरं वाटलं. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केलेली ही पहिलीच गोष्ट होती. बाकी सगळं त्यांनी तपासलेलं होतं.

श्रीपती सगळ्यांच्या पुढं धावत आला. कोपीपासून दहा पावलांवर तो थांबला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग दोन्ही हात डोक्याला लावून तो बर्फात बसला.

"दाजी, ह्ये आपलं न्हाय."

"नववा आहे. मी मोजलाय."

"ह्यो सातवा हाय. ह्यो ब्रॅमलीचा हाय. सेक्रेटरीचा. ही त्याची कांद्याची जागा हाय. प्रदर्शनात दर साली पहिला नंबर. दोन महिने खणत होता ह्यो वाफा. कुणाला जवळून चालू देत न्हाय."

नानासाहेबांनी पायाखाली बघितलं. वाफा सिमेंटसारखा झाला होता.

"मोडू," ते म्हणाले. "लगेच मोडू. होतं तसं करू."

तेवढ्यात मालनबाई डोक्यावर टोपलं घेऊन आली. मागून खाजामियाँ ताटं घेऊन आणि त्यांच्या मागं कुलसुमबी, आंबिलानं भरलेलं मडकं पोटाशी धरून, एकेक पाऊल तपासत. मालनबाईनं काय झालं ते ऐकून घेतलं, टोपलं कोपीत टेकवलं आणि हळदी-कुंकवाची डबी काढली.

"कोप उभी राहिली, पांडव बसले," ती म्हणाली. "पूजा केल्याबिगर म्या उठवणार न्हाय त्यांना. किती वाजले?"

"नऊ पन्नास," नानासाहेब म्हणाले.

"मग बोलत काय उभं राहिलाव?"

पूजा झाली. दहा वाजून सात मिनिटांनी खाजामियाँनी नारळ फोडला. आता पटकन दोन घास खायचे, कोप मोडायची, दगड पुसायचे आणि जायचं, असं श्रीपती सांगत होता, आणि सांगता सांगता त्यानं समोर बोट दाखवलं. फाटकातून एक उंच म्हातारा येत होता. काळी टोपी, हातात टोपली.

नंतर समजलं की म्हाताऱ्याच्या मुलीच्या घरी वीस पाहुणे होते, आणि ती कांद्यासारखी झाडं सूप करायला आणतो असं सांगून तो तिथून निसटला होता. पण त्या वेळी एवढंच दिसत होतं की ब्रॅमली आला आहे. तो आपल्या प्लॉटच्या कडेला येऊन उभा राहिला. कोप बघितली. उपटलेली झाडं बघितली. वाफा बघितला. मग कोपीत वाकून त्यानं आपले दगड बघितले. ते हळदी-कुंकवानं भरले होते आणि त्यांच्यासमोर भज्जी ठेवली होती.

"हे धुतलं तर जातं का?" त्यानं विचारलं.

"जातं," नानासाहेब म्हणाले. कागदोपत्री इंग्रजी बोलणारे तेच, त्यामुळं उत्तर देणं त्यांच्याकडंच आलं.

ब्रॅमलीनं कोटाच्या खिशातून वही काढली, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं आणि श्रीपतीला म्हणाला, "प्लॉट नऊ, तुम्हीच ना?"

श्रीपतीनं मान हलवली. मालनबाईनं मधेच एक भरलेलं ताट आणून ब्रॅमलीपुढं धरलं. तो हातानं नको म्हणाला आणि लिहायला लागला.

नानासाहेबांना तो हात ओळखीचा वाटला. कुठल्याही गावात दप्तर तपासायला गेल्यावर ते पहिली गोष्ट हीच करत. आलेला चहा, आलेलं ताट हातानं बाजूला सारायचं, मग नोटीस लिहिताना जड जात नाही. ताट धरणाऱ्या माणसाकडं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आता मालनबाई समोर उभी होती आणि ताटातून वाफ येत होती.

"साहेब," ते म्हणाले, "नोटीस माझ्या नावानं लिहा. ही सगळी चूक माझी आहे. श्रीपती इथं नव्हता. मी मोजण्यात चुकलो."

"तुम्ही सभासद आहात?"

"नाही. मी विद्यार्थी आहे." असं म्हणून त्यांनी सवयीनं कार्ड काढून दाखवलं. ब्रॅमलीनं कार्डाकडं बघितलं, टकलाकडं बघितलं.

"सभासद नसलेल्या माणसाला नोटीस देता येत नाही," तो म्हणाला.

"मग नियम काय म्हणतो?"

हे विचारल्यावर म्हाताऱ्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यानं दुसऱ्या खिशातून पुस्तिका काढली. नानासाहेबांनीही कोटातून आपली काढली. दोघांनी बर्फात उभं राहून चष्मे लावले.

"नियम अकरा," ब्रॅमलीनं वाचलं. "प्लॉटवर आलेल्या पाहुण्यांच्या वागणुकीला त्या प्लॉटचा धारक जबाबदार राहील. म्हणून नोटीस प्लॉट नऊला."

"पण पाहुणे प्लॉट नऊवर आलेच नाहीत," नानासाहेब म्हणाले. "ते सातवर आले. सातचा धारक कोण?"

ब्रॅमलीनं नियम पुन्हा वाचला, ओठ हलवत.

"तुम्ही पाहुणे नाही. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"बरोबर आहे. मग पोलीस बोलवावे लागतील, ते संस्थेच्या अधिकारात येत नाही." नानासाहेबांनी चष्मा काढला. "आमच्याकडं आज ज्याच्या शेतात लोक जमतात तो मालक असतो. त्यानं आधी जेवायचं असतं, मग बाकीच्यांनी. तुम्ही जेवलात तर आम्ही तुमचे पाहुणे झालो. मग नियमाप्रमाणे तुम्हाला तुम्हीच नोटीस द्यायला पाहिजे. मला वाईट वाटतंय, पण नियम तसाच आहे."

"काय म्हणायलेत दाजी?" मालनबाईनं श्रीपतीला विचारलं.

"ठाव न्हाय," श्रीपती म्हणाला. "पण आपलं घर बुडवायलेत."

ब्रॅमलीनं पुस्तिकेची पानं पुढं-मागं करून बघितली. मालनबाई ताट धरून तशीच उभी होती. ताट पुढं केल्यावर मागं घ्यायची तिला सवय नव्हती. शेवटी म्हातारा म्हणाला, "पस्तीस वर्षं सेक्रेटरी आहे. हा मुद्दा कधी निघाला नव्हता." मग कोपीच्या तोंडाशी पोतं होतं त्यावर तो सावकाश, एक गुडघा धरून, बसला आणि त्यानं ताट घेतलं.

पहिल्या घासाला तो थांबला, म्हणाला, तिखट आहे. दुसऱ्याला काही म्हणाला नाही. उंड्याचं काय करायचं ते खाजामियाँनी त्याला हातानं मोडून दाखवलं. दोन वेळा भज्जी घेतल्यावर त्यानं विचारलं की यात पात कुठल्या कांद्याची आहे, आणि गुजराती दुकानातली आहे म्हटल्यावर नाक मुरडलं. पुढच्या वर्षी आपल्याकडची घ्या, असं तो म्हणाला की नाही याबद्दल नंतर मतभेद झाले. नानासाहेबांच्या मते म्हणाला.

सगळे जेवायला बसले. श्रीपतीसमोरही ताट होतं. तो त्याला हात लावत नव्हता. त्याची नजर ब्रॅमलीच्या मांडीवरच्या वहीवर होती.

जेवण झाल्यावर आंबिल शिंपडायची. ते काम मालकाचं. नानासाहेबांनी तसं सांगितलं आणि नियमच आहे म्हटल्यावर ब्रॅमलीनं वाद घातला नाही. कुलसुमबीनं फार विचार करून मडकं त्याच्या हातात दिलं, आणि तो चालायला लागल्यावर दोन्ही हात मडक्याखाली पसरून ती त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. नानासाहेबांनी आरोळी कशी द्यायची ते शिकवलं होतं. ब्रॅमलीनं ती दिली, पण अगदी हळू, शेजाऱ्याचं मांजर बोलावल्यासारखी. तरी दिली. एका हातानं आंबिल शिंपडत त्यानं आपल्या प्लॉटला फेरी घातली. पांढऱ्या बर्फावर पांढरी आंबिल पडत होती.

फेरी संपली तरी तो थांबला नाही. आठ नंबरला गेला आणि तिथं शिंपडली. मग नऊ नंबर. श्रीपती उठून उभा राहिला. ब्रॅमलीनं त्याच्या प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत आंबिल टाकली, वाटेची रुंदी नजरेनं मोजली, आणि तो दहा नंबरकडं वळला.

"ह्यो कुठं चालला?" खाजामियाँ म्हणाले.

"सेक्रेटरी आहे," नानासाहेब म्हणाले. "एका सभासदाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं त्याला करता येत नाही."

एकूण प्लॉट बेचाळीस होते. आंबिल तेविसाव्याला संपली. कुलसुमबीनं तिथंच मडकं काढून घेतलं, पदराखाली धरलं आणि गाडीत जाऊन बसली. ब्रॅमली परत आला, पोत्यावर बसला, त्यानं वही उघडली आणि लिहायला लागला. एक पान झालं. दुसरं झालं. श्रीपतीनं खाली मान घातली होती. लिहून झाल्यावर म्हाताऱ्यानं ते नानासाहेबांना वाचायला दिलं. नानासाहेबांनी वाचलं, एका ठिकाणी तारीख राहिली होती ती दाखवली, एका वाक्यात सौम्यपणा जास्त झाला होता तो कमी करायला सांगितला. ब्रॅमलीनं दुरुस्त केलं, सही केली, कागद फाडून घडी घातली आणि आपल्याच खिशात ठेवली. मग त्यानं टोपलीत उपटलेली झाडं भरली, टोपीला हात लावला आणि गेला. कोप मोडायला त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत चालते, नियम नऊ.

तो फाटकाबाहेर गेल्यावर श्रीपतीनं विचारलं, "लिहिलं त्यानं?"

"लिहिलं."

"कुणाला?"

"प्लॉट सातच्या धारकाला. वाफा तुडवल्याबद्दल, दगडांना रंग लावल्याबद्दल आणि परवानगीशिवाय समारंभ केल्याबद्दल. पहिली नोटीस आहे. दुसरी आली की प्लॉट जाईल."

श्रीपती कोपीत शिरला, मांडी घातली आणि गार झालेलं ताट पुढं ओढलं. सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. पहिला घास एवढा मोठा होता की त्याला बराच वेळ बोलता आलं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "बसा की. तुमी पण कुठं जेवलाव नीट."

नानासाहेब त्याच्या शेजारी आत बसले. आतून कोप थोडी वाकडी होती, बाहेरून त्यांना ते दिसलं नव्हतं. भज्जी मथुराबाईंच्या हातची नव्हती, पण चांगली होती. त्यांनी एकदा मागून घेतली, पुन्हा मागून घेतली, आणि तिसऱ्यांदा हात पुढं करायच्या आधीच मालनबाईनं वाढली.